ऑरलँडोच्या सहलीतला एक दिवस समुद्रावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑरलँडोला समुद्र नाही. डिस्नी वर्ल्ड, युनिव्हर्सल, सीवर्ल्ड ही मोठी थीम पार्क, सगळं फ्लोरिडाच्या पोटात आहे, दोन्ही किनाऱ्यांपासून लांब. पूर्वेला अटलांटिक सव्वा तासावर, पश्चिमेला मेक्सिकोचं आखात पावणेदोन ते अडीच तासांवर. खालची उत्तरं लिहिताना भाड्याची गाडी, दोन मुलं आणि भारतातून आलेले आजी-आजोबा असं कुटुंब डोळ्यांसमोर आहे आणि मुक्काम डिस्नीच्या आसपास धरला आहे. युनिव्हर्सलजवळ राहत असाल तर पूर्व किनारा दहा-पंधरा मिनिटं जवळ येतो, पश्चिम तेवढाच लांब जातो.

हातात एकच दिवस आहे. कुठला बीच?

कोको बीच. मुलं दहाच्या आतली असतील तर त्याच्या उत्तरेला लागून असलेलं पोर्ट कॅनाव्हरलमधलं जेटी पार्क.

फोटोंत पश्चिमेचा, आखातावरचा क्लिअरवॉटर बीच जिंकतो, यात वाद नाही. पण सहा वर्षांच्या पोराला पाण्याचा रंग कोणता याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला वाळू, बादली आणि लाट लागते. म्हणून आधी घड्याळ पाहा, मग घरातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणूस पाहा. फोटो सगळ्यात शेवटी.

जेटी पार्कमध्ये पार्किंगचे पैसे पडतात, पण त्यात स्वच्छतागृहं, अंगावरची वाळू धुवायला शॉवर, जीवरक्षक आणि बसायला सावली असं सगळं एका हद्दीत मिळतं. शिवाय बंदराचं तोंड शेजारीच आहे. दुपारी साडेतीन ते पाचच्या दरम्यान क्रूझ जहाजं तिथून बाहेर पडतात, अगदी हाकेच्या अंतरावरून. त्यात डिस्नीचं जहाज असलं तर त्याचा भोंगा चक्क सुरात वाजतो आणि मुलांचा दिवस तिथेच वसूल होतो.

प्रत्येक बीच नेमका किती लांब?

डिस्नीपासून कोको बीच सुमारे ६५ मैल, सव्वा तास. न्यू स्मर्ना बीच आणि डेटोना बीच साधारण ७५ ते ८० मैल, दीड तास. क्लिअरवॉटर ९० मैल, पण तिथे मैल फसवतात. सगळा रस्ता आय-फोर महामार्गावरून टँपापर्यंत जातो आणि त्यावर यूएस-२७ च्या फाट्याच्या आसपास जवळजवळ रोजच गाड्या तुंबतात. पावणेदोन तास ही चांगली वेळ, अडीच तास ही रोजची. आखातावरचंच सिएस्टा की सुमारे १२० मैलांवर आहे. एका दिवसात जाऊन येण्यासाठी ते डोक्यातून काढून टाका, जवळच्या सारासोटा शहरात एक रात्र राहणार असाल तर गोष्ट वेगळी.

कोको बीचला जाताना डिस्नीतून ५३६ क्रमांकाच्या रस्त्याने बाहेर पडून ४१७ घ्या, पुढे ५२८ म्हणजे बीचलाइन. ती शेवटी ए-वन-ए या किनारी रस्त्याला मिळते. वाटेत लागोपाठ दोन मोठे पूल येतात, चहूकडे पाणी दिसतं आणि मागच्या सीटवरून ‘आलं, आलं’ सुरू होतं. ती इंडियन रिव्हर आणि बनाना रिव्हर. नावात नदी असली तरी दोन्ही खाऱ्या पाण्याची सरोवरं आहेत, समुद्र अजून दहा-पंधरा मिनिटं पुढे आहे.

मग क्लिअरवॉटरला कुणी जावं?

ज्यांना खरोखर पांढरी, पिठासारखी मऊ वाळू हवी आहे आणि जे सूर्यास्त पाहूनच परतणार आहेत त्यांनी. सकाळी दहाला पोचून तीनला निघायचं असेल तर चार-पाच तासांच्या प्रवासासाठी पाच तासांचा समुद्र मिळतो. हा सौदा काही खरा नाही.

जायचंच तर दिवस उलटा लावा. सकाळ हॉटेलच्या तलावात घालवा, अकराला निघा, एक-दीडला पोचा, ऊन उतरायला लागलं की पाण्यात उतरा आणि सूर्यास्तानंतर जेवून परत निघा. पिअर ६० या धक्क्यावर संध्याकाळी कसरती करणारे, चित्रं विकणारे, वाजवणारे जमतात. परतताना आय-फोर बऱ्यापैकी मोकळा मिळतो आणि मुलं गाडीत झोपतात. उन्हाळ्यात मात्र दुपारच्या वादळांमुळे हा बेत फसू शकतो, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

सूर्य समुद्रात बुडताना कोको बीचवरून दिसेल का?

नाही. हा प्रश्न आपल्याकडूनच जास्त येतो, कारण गणपतीपुळ्यापासून कळंगुटपर्यंत समुद्र पश्चिमेलाच असतो हे अंगवळणी पडलेलं आहे. अटलांटिक पूर्वेला आहे. तिथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी तुमच्या पाठीमागे, हॉटेलांच्या आड मावळतो. सूर्यास्त हवा तर आखाताची बाजू. जूनमध्ये क्लिअरवॉटरला तो साडेआठच्या सुमारास होतो, डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला. जून आणि डिसेंबर यांत हा तीन तासांचा फरक आहे, परतीचं गणित त्यावर मांडा.

आजी-आजोबांना वाळूत फार चालवत नाही. काय करावं?

न्यू स्मर्ना किंवा डेटोना. या व्होलुशिया काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर ठरावीक पट्ट्यात गाडी थेट वाळूवर नेता येते. इथली वाळू बारीक आणि ओली असताना इतकी घट्ट बसते की १९५८ पर्यंत डेटोनाला मोटारींच्या शर्यती याच किनाऱ्यावर व्हायच्या. गाडीचं दार उघडलं की पुढ्यात समुद्र. खुर्च्या, शीतपेटी, औषधं काही म्हणून वाहून न्यावं लागत नाही.

नियम मात्र कडक आहेत. बाहेरच्या गाड्यांना प्रवेशद्वारावर दिवसाचं शुल्क भरावं लागतं. वेगमर्यादा ताशी १० मैल, दिवे लावलेले, काचा खाली. कासवांच्या विणीसाठी या काउंटीने ठरवलेल्या काळात, म्हणजे १ मे ते ३१ ऑक्टोबर, गाड्यांना सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढीच मुभा. एरवी सूर्योदय ते सूर्यास्त. भरतीच्या वेळी वाळूचा पट्टा अरुंद होतो आणि गाड्या सोडणं थांबवतात, म्हणून ओहोटीची वेळ पाहून जा. ओहोटी सुरू झाल्यावर पोचलात तर पुढचे चार-पाच तास निवांत मिळतात.

इथे दोन गोष्टी चुकतात. पहिली, लोक चांगली जागा दिसली म्हणून वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत गाडी घालतात आणि चाकं रुततात. आधीच्या गाड्यांच्या चाकोरीतच राहा. रुतलीच तर एक्सलेटर दाबत बसू नका, चाक आणखी खोल जातं. चाकापुढची वाळू हातांनी काढा, पायपुसणी चाकाखाली सारा आणि हळूच बाहेर काढा. दुसरी चूक कागदावरची आहे. भाड्याच्या गाडीच्या करारात बरेचदा पक्का रस्ता सोडून गाडी चालवायला मनाई असते. वाळूवर नेण्यापूर्वी तो मजकूर वाचा किंवा काउंटरवरच विचारून घ्या. मनाई असेल तर ए-वन-ए वरच्या वाहनतळात गाडी ठेवा.

चाकाची खुर्ची लागणाऱ्यांसाठी जाड टायरची, वाळूवर चालणारी खुर्ची अनेक सार्वजनिक बीचवर जीवरक्षकांकडून फुकट मिळते. संख्या कमी असते, आधी फोन करून ठेवा.

मुलं अगदी लहान आहेत, लाटांना घाबरतात.

इथे आखात खरंच सरस. पाणी उथळ उतरत जातं आणि वारा नसेल तर लाट घोट्याएवढीच. क्लिअरवॉटरपेक्षाही सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेचं फोर्ट डी सोटो पार्क लहान मुलांना जास्त मानवतं. गर्दी कमी, झाडांची सावली, आणि स्पेन-अमेरिका युद्धाच्या काळातला एक किल्ला, त्यावर १२ इंची तोफा. किल्ला म्हटल्यावर मराठी पोरं रायगड-सिंधुदुर्ग डोक्यात घेऊन निघतात. हा काँक्रीटचा, बुटका, वाळूत दडवलेला किल्ला आहे, हे आधीच सांगून ठेवा.

अटलांटिकवरच राहायचं असेल तर ओहोटीच्या वेळी वाळूत साचलेली उथळ डबकी शोधा. दोन वर्षांच्या मुलाला तेवढा समुद्र पुरतो.

रॉकेटचं उड्डाण आणि बीच एकाच दिवशी जमेल का?

जमलं तर त्यासारखं काही नाही, पण उड्डाणाच्या भरवशावर दिवस ठरवू नका. हवा, वारा, एखादा सेन्सर, कशानेही ते शेवटच्या मिनिटाला पुढे जातं. बीचचा बेत पक्का ठेवा, उड्डाण झालं तर बोनस. केप कॅनाव्हरलचे प्रक्षेपण तळ उत्तरेलाच आहेत, त्यामुळे जेटी पार्क आणि कोको बीच दोन्हीकडून दिसतं. नंतर ५२८ वर तासभर गाड्या हलत नाहीत, तेव्हा लगेच निघायची घाई करू नका.

प्लायालिंडा बीच प्रक्षेपण तळांच्या सगळ्यात जवळ आहे आणि नेमका म्हणूनच उड्डाणाच्या वेळी बंद ठेवतात. हा कॅनाव्हरल राष्ट्रीय सागरी किनाऱ्याचा भाग, १९७५ पासून संरक्षित, एकही इमारत नाही. प्यायचं पाणी नाही, खायला काही नाही, शॉवर नाही, साधी स्वच्छतागृहं आहेत. रम्य आहे, पण तयारीनिशी जा. आणखी एक सांगायलाच हवं: तिथे एकापुढे एक १३ वाहनतळ आहेत आणि शेवटच्या, १३ क्रमांकाच्या वाहनतळापलीकडे लोक विवस्त्र फिरतात. ‘पुढे गर्दी कमी असेल’ म्हणून सासू-सासऱ्यांना घेऊन टोकापर्यंत गाडी नेऊ नका. पहिल्या तीन-चारांतच थांबा.

नासाचं केनेडी स्पेस सेंटर मात्र त्याच दिवशी कोंबू नका. ते पाहायला आख्खा दिवस लागतो.

सहलीतला कितवा दिवस बीचसाठी ठेवावा?

मधला. पार्कमध्ये दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे पाय बोलायला लागतात. दोन-तीन पार्क-दिवसांनंतर बीच आला की खरी विश्रांती मिळते. विमानाच्या आदल्या दिवशी नको, ओले कपडे आणि वाळू बॅगेत भरावी लागते. सर्वात मोठ्या राइड्सच्या आदल्या दिवशीही नको. उन्हाने भाजलेल्या खांद्यावर राइडचा पट्टा आवळला की काय होतं, ते एकदा अनुभवलेला माणूस विसरत नाही.

वार मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी स्थानिक लोकच बीचवर उतरतात. मार्चमध्ये कॉलेजांच्या सुट्ट्या असतात तेव्हा डेटोना आणि क्लिअरवॉटर टाळा.

तिकीट वाया जाईल ही भीती नको. डिस्नीच्या अनेक दिवसांच्या तिकिटात मोकळे दिवस धरलेलेच असतात: ३ दिवसांचं तिकीट ५ दिवसांत, ४ दिवसांचं ७ दिवसांत, ५ दिवसांचं ८ दिवसांत वापरता येतं. सलग जावं लागत नाही.

नाताळच्या सुट्टीत पाण्यात उतरता येतं का?

पाय भिजवता येतात. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी दोन्ही किनाऱ्यांवर पाणी १६ ते १९ अंश सेल्सिअसच्या घरात असतं. आखात ‘उबदार’ अशी समजूत आहे, पण ते उथळ असल्याने थंडीच्या लाटेत लवकर गार पडतं. मुंबईच्या समुद्राची सवय असलेला माणूस कमरेपर्यंतही जात नाही. कॅनडातून आलेले लोक मजेत पोहताना दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. ऑगस्टमध्ये पाणी ३० अंशांच्या आसपास, जवळजवळ कोमट. एप्रिलचा उत्तरार्ध, मे आणि ऑक्टोबर हे महिने सगळ्यात चांगले: पाणी सुखाचं, ऊन सोसवतं.

थंडीत बीचचा हट्टच असेल तर तो फिरण्याचा बीच समजा. टोप्या, पातळ जॅकेट, पतंग.

उन्हाळ्यात रोज दुपारी पाऊस येतो म्हणतात. मग?

जून ते सप्टेंबर रोज नाही, पण बहुतेक दिवशी. तापलेल्या जमिनीकडे दोन्ही समुद्रांवरून वारे आत येतात, मधे कुठेतरी भिडतात आणि दुपारी दोननंतर ढग उसळतात. वरचा वारा पूर्वेकडून असला तर वादळं पश्चिम किनाऱ्याकडे ढकलली जातात, पश्चिमेकडून असला तर पूर्वेकडे. सकाळी हवामानाच्या अंदाजात वाऱ्याची दिशा पाहिली तर कुठल्या बाजूला जावं याचा बराच अंदाज येतो.

हा आपला रिमझिम पाऊस नव्हे, यात वीज असते, आणि विजांच्या बाबतीत फ्लोरिडा अमेरिकेत आघाडीवर आहे. गडगडाट ऐकू आला की छत्री, तंबू, बाकडं सगळं सोडून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. डोक्यावर निळं आकाश असतानाही वीज पडते. अटलांटिकच्या बीचसाठी उन्हाळ्यात सोपा हिशेब: साडेसातला निघा, नऊला वाळूवर, दीडला गाडीत.

चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. वादळ ओसरलं तरी किनारा लगेच पूर्ववत होत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात निकोलने व्होलुशियाचा, २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात हेलीन आणि मिल्टनने आखाताच्या बाजूचा किनारा खरवडला. निघण्यापूर्वी त्या काउंटीच्या संकेतस्थळावर कुठले जिने आणि वाहनतळ बंद आहेत ते पाहा.

झेंड्यांचे अर्थ काय?

हिरवा म्हणजे समुद्र शांत, पिवळा म्हणजे मध्यम लाटा, लाल म्हणजे मोठ्या लाटा किंवा जोराची ओढ, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. जांभळा यांतल्या दुसऱ्या झेंड्याबरोबर लागू शकतो. त्याचा अर्थ पाण्यात जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव आहेत. झेंडाच दिसत नसेल तर ते सुरक्षित असल्याची खूण नाही, तिथे जीवरक्षक नाही एवढाच त्याचा अर्थ. थोडं चालून मनोऱ्याजवळ जा.

अटलांटिकवर खरा धोका ओढीचा, म्हणजे रिप करंटचा. किनाऱ्यावर आलेलं पाणी वाळूच्या दांड्यातल्या फटीतून जोरात परत जातं. वरून पाहिलं तर दोन बाजूंना लाटा फुटताना दिसतात आणि मधे एक गडद, शांत पट्टा. नवख्या माणसाला तीच जागा पोहायला बरी वाटते आणि तो नेमका तिथेच उतरतो. सापडलात तर किनाऱ्याकडे थेट पोहू नका. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीबाहेर या, मग तिरकं परता. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करा. दुसरा कुणी सापडला तर त्याच्या मागे उडी घेऊ नका. जीवरक्षकाला हाक मारा, ९११ हा आपत्कालीन क्रमांक लावा, तरंगणारं काहीतरी फेका.

गुडघाभर पाण्यातही मूल हाताच्या अंतरावर हवं. बाहूंवरचे फुगे आणि प्लास्टिकची टायर घरी ठेवा. किनाऱ्यावरून समुद्राकडे वारा असला की ती मुलासकट वाहत जातात. तटरक्षक दलाने मान्य केलेलं जाकीट वॉलमार्टमध्ये मिळतं.

शार्क?

न्यू स्मर्नाचं नाव यात वारंवार येतं, कारण चाव्यांच्या नोंदींत व्होलुशिया काउंटी नेहमी वरच्या स्थानी असते. पॉन्स इनलेट या खाडीच्या तोंडाशी छोट्या माशांचे थवे, गढूळ पाणी आणि पाण्यात पाय सोडून बसलेले सर्फर एकत्र येतात. शार्क लहान असतात, माशाऐवजी पाऊल तोंडात येतं आणि ते सोडून पळतात. बहुतेक जखमा टाक्यांवर निभावतात. इनलेटपासून आणि गळ टाकून बसलेल्यांपासून दूर राहा, पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्यात जाऊ नका, पैंजण आणि चकचकीत दागिने काढून ठेवा. चांदी पाण्यात माशाच्या खवल्यासारखी चमकते.

प्रत्यक्षात पायाशी येण्याची शक्यता जास्त आहे ती स्टिंग रे, म्हणजे पाकट माशाची. एप्रिल ते ऑक्टोबर आखाताच्या उथळ पाण्यात ते वाळूत अंग पुरून पडलेले असतात. पाय उचलून टाकू नका, तळवे घासत घासत चाला. धक्का लागला की मासा निघून जातो, पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारतो. काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४३ ते ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात. विष उष्णतेने निकामी होतं. जीवरक्षकांकडे ही सोय असते. काटा आत राहिला असेल तर ओढू नका, डॉक्टरकडे जा. छातीत-पोटात लागला तर थेट ९११.

निळसर फुग्यासारखं काही वाळूवर दिसलं तर तो पोर्तुगीज मॅन ओ’ वॉर. मेलेलाही डंख मारतो. मुलांना हात लावू देऊ नका.

आखाताच्या बाजूला ‘रेड टाइड’ आहे असं कळलं. जावं का?

दम्याचं कुणी असेल तर नाही, यात दुमत नको. कॅरेनिया ब्रेविस नावाचं सूक्ष्म शैवाल माजतं, त्याचं विष लाटांबरोबर हवेत उडतं, घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, कोरडा खोकला लागतो. किनाऱ्यावर मेलेल्या माशांची रास पडते. बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होऊन थंडीपर्यंत चालतं. एका बीचवर असतं आणि दहा मैलांवर नसतं, म्हणून राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाचा नकाशा आदल्या रात्री पाहा. असेल तर सरळ पूर्व किनारा गाठा, हा त्रास तिथे क्वचितच होतो.

सनस्क्रीन किती न्यावं? आपण सावळे, आपल्याला लागतं का?

लागतं. आजोबा ‘कोकणात जन्म गेला’ म्हणतील, पण सहा तास उघड्या वाळूवर कोकणातही कुणी बसत नाही, माडाखाली बसतं. इथे वाळूवर माडाची सावली नाही.

मोठ्या माणसाला एका वेळी ३० मिली लागतं, मुलाला त्याच्या निम्मं. आई-बाबा आणि दोन मुलं अशा चौघांचं ९० मिली, दर दोन तासांनी म्हणजे दिवसात तीनदा: २७० मिली. दुकानात मिळणारी २३७ मिलीची एक बाटली पुरत नाही. एसपीएफ किमान ३०, बाहेर पडण्यापूर्वी हॉटेलातच लावा. स्प्रे नको, अर्धा वाऱ्यावर जातो. कान, मानेमागे, पायाचे पंजे आणि केसांचा भांग हमखास राहून जातात. मुलांना लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला तर निम्मं काम वाचतं.

खायला काय न्यावं?

बीचवर भेळ नाही, शहाळं नाही. मिळतं ते बर्गर, तळलेले मासे, पिझ्झा. शाकाहारी घरांनी डबा न्यावा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, चिवडा, काकडी, द्राक्षं. दहीभात आणि मेयोनीजचं सँडविच बर्फातच ठेवा, ३२ अंशांच्या वर ते तासाभरात खराब व्हायला लागतं. पाणी माणशी तीन लिटर. निम्म्या बाटल्या रात्री गोठवून ठेवल्या की बर्फाचं काम त्याच करतात. काचेची बाटली बहुतेक बीचवर चालत नाही, तेव्हा लोणच्याची बरणी प्लास्टिकच्या डब्यात रिकामी करा.

सीगल पक्ष्यांना चिवड्याचा एक दाणाही टाकू नका. एकाचे वीस होतात आणि मग पुरी हातातून जाते.

टोल आणि पार्किंगचं काय?

४१७ आणि ५२८ वर टोल आहे आणि रोख देण्यावर विसंबून राहू नका. काही न करता गेलात तर नंबरप्लेटवरून बिल गाडीच्या कंपनीकडे जातं आणि ती आपलं शुल्क वर लावते. ते कधीकधी टोलपेक्षा जास्त भरतं. ऑरलँडो विमानतळावर उतरत असाल तर ‘व्हिजिटर टोल पास’ हा आरशाला लटकवायचा पास फुकट मिळतो. अॅपवर आधी नोंदणी करा आणि परत जाताना पेटीत टाकायला विसरू नका. न्यू स्मर्नाला आय-फोर आणि ४४ ने गेलात तर टोल लागत नाही, जलद मार्गिका घेतली नाहीत तर.

पार्किंग सगळीकडे दहापर्यंत मिळतं, नंतर नशीब. बरंचसं अॅपवर असतं. झोन क्रमांक आणि गाडीचा नंबर पुन्हा तपासा. दुसऱ्याच झोनचे पैसे भरून दंड घेऊन येणारे कमी नाहीत.

गाडीच नसेल तर?

उबर जाताना मिळते, येताना मिळेलच असं नाही. शिवाय मुलाच्या सीटचा प्रश्न राहतो. एका दिवसासाठी गाडी भाड्याने घेणं चौघांना बहुधा स्वस्त पडतं. ब्राइटलाइन रेल्वे २०२३ पासून ऑरलँडो विमानतळाहून वेस्ट पाम बीच आणि मायामीला जाते, पण कोको बीचला थांबत नाही.

साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून पाण्यात गेलं तर कुणी हरकत घेतं का?

नाही. पण ओली सुती साडी पायात येते आणि लाटेत तोल जातो. लेगिंग्ज आणि लांब टी-शर्ट, सिंथेटिक कापडाचे, हे जास्त सोयीचं. कपडे बदलायला स्वच्छतागृहात रांग असते, एक मोठा टॉवेल आणि दोन चिमटे बरोबर ठेवा.

शंख-शिंपले आणता येतात का? वाळूत खड्डे खणायला हरकत?

रिकामे शिंपले खुशाल वेचा. आत जीव असेल तर परत पाण्यात सोडा, जिवंत शंख वेचायला मासेमारीचा परवाना लागतो आणि काही काउंटींत तेही चालत नाही. टेकाडांवरचं उंच गवत उपटू नका, त्यावरून चालूही नका. ते वाळू धरून ठेवतं आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

खड्डा गुडघ्यापेक्षा खोल नको. कोरड्या वाळूच्या भिंती न सांगता कोसळतात आणि आतल्या मुलाला बाहेर काढायला मोठी माणसंही पुरी पडत नाहीत. निघताना बुजवा. मार्च ते ऑक्टोबर रात्री कासवं अंडी घालायला येतात, खड्ड्यात अडकतात.

बीचपेक्षा डिस्नीचं वॉटर पार्कच बरं नाही का?

कोणाला प्रवास अजिबात झेपत नसेल तर हो. टायफून लगूनमध्ये वाळू आहे, लाटांचा तलाव आहे, जीवरक्षक पावलापावलावर आहेत. पण तिकिटाचे पैसे आहेत आणि रांगाही आहेत. ज्या मुलाने अजून समुद्रच पाहिलेला नाही त्याला तिथे नेऊन ‘बीच झाला’ म्हणू नका.

परतताना गाडी वाळूने भरते. काय उपाय?

बेबी पावडर. ओलसर वाळू कोरड्या टॉवेलने निघत नाही, पावडर ओल शोषते आणि वाळू हाताने झटकली की पडते. गाडीत बसायच्या आधी दारातच, एकेकाचे पाय बाहेर ठेवून हे करा. सीटवर जुनी चादर आधीच अंथरा. वाळू जास्त राहिली तर भाड्याची कंपनी सफाईचे पैसे लावते. पेट्रोल पंपावर काही डॉलरमध्ये व्हॅक्यूम मिळतो.

आणि किल्ली. भाड्याच्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या बरेचदा तारेने एकत्र बांधलेल्या असतात, म्हणजे दुसरी हॉटेलवर ठेवायची सोय नाही. खिशात ठेवून लाटेत गेलात तर दोन्ही एकदम बंद. झिपच्या दुहेरी पिशवीत घालून ती पाण्यात न जाणाऱ्या माणसाकडे द्या. ते काम बहुधा आजीकडेच येतं.